पंखा बंद होताना ऐका

"आवाज कसा येतोय, साहेब? जरा काढून दाखवा."

माझ्या गाडीच्या पंख्याबद्दल मेकॅनिकने फोनवर हे विचारलं तेव्हा मी ऑफिसच्या पॅसेजमध्ये उभा होतो. आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून मी जमेल तसा 'टर्रर्र' काढला. "टर्रर्र की खर्रर्र?" पलीकडून लगेच प्रश्न. मी पुन्हा एकदा काढून दाखवला. दोन सेकंद शांतता, मग निदान आलं: "खर्रर्र असेल तर मोटरचं बुश गेलं. टर्रर्र असेल तर काहीतरी घासतंय, रविवारी घरीच बघा. दहा नंबरचा पाना आहे ना?"

तो थट्टा करत नव्हता. (बुश म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती धातूची कडी.) रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी थंड करणाऱ्या जाळीच्या, पंख्यात बिघडण्यासारख्या जागा मोजक्याच असतात आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा. घूं, खरखर, टर्र, चीं असे शब्द मराठीत तयारच आहेत. फक्त कुठल्या शब्दामागे काय घडतंय ते ठाऊक हवं.

आधी पंखा मुळात कशाला लागतो ते बघू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट विजेएवढी ऊर्जा असते. त्यातली जेमतेम पाव ते एक तृतीयांश चाकांच्या कामी येते. साधारण तेवढीच सायलेन्सरमधून जाते आणि जवळपास तेवढीच कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, उतरते. खंबाटकीच्या चढावर गाडी तासाला १० लिटरच्या दराने पेट्रोल पीत असेल, तर कूलंटमध्ये सुमारे ३० किलोवॅट उष्णता ओतली जात असते. घरचा गीझर २ किलोवॅटचा धरला तर हे १५ गीझर झाले, सगळे एकाच वेळी चालू. सिग्नलला नुसतं इंजिन चालू ठेवलं तरी एसीसकट दीड गीझरचा हिशेब निघतो. हायवेवर समोरून येणारा वारा ही उष्णता फुकटात घेऊन जातो, पंखा बहुतेक वेळ गप्प असतो. गाडी थांबली की वारा थांबतो. कूलंट साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोचला (गाडीगणिक थोडा फरक पडतो) की पंखा लागतो. एसी लावला तर त्याआधीच लागतो, कारण एसीची जाळी रेडिएटरच्या पुढेच बसवलेली असते आणि तिलाही हवा हवी असते. म्हणून पंख्याचा आवाज नेहमी पार्किंगमध्ये किंवा ट्रॅफिकमध्ये, म्हणजे चारचौघांदेखत येतो.

तो आवाज खरंच पंख्याचा आहे का, हे आधी ठरवायचं. गाडी मोकळ्यावर उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि एसी लावा. पंखा सुरू झाला की अॅक्सिलरेटर हलका दाबून बघा. इंजिनाबरोबर आवाज चढला तर तो पट्ट्याचा, अल्टरनेटरचा किंवा वॉटर पंपाचा, कारण ही मंडळी इंजिनाला बांधलेली आहेत. विजेवरच्या पंख्याला इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नाही, त्याचा सूर तोच राहतो. जुन्या सुमो-बोलेरोसारख्या गाड्या मात्र या चाचणीतून वगळा. त्यांचा पंखा इंजिनच फिरवतं, मधे सिलिकॉन तेल भरलेला क्लच असतो. गरम हवा लागली की तो क्लच घट्ट पकड घेतो आणि पंखा विमानासारखा गर्जतो. घाटात अशी गर्जना झाली तर ती गाडीची तब्येत चांगली असल्याची खूण आहे.

आता मुख्य गोष्ट. पंखा चालू असताना आपण कान लावून उभे राहतो आणि काहीच कळत नाही. समजा सात पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेतोय. म्हणजे सेकंदाला ४० फेरे, आणि एखाद्या ठिकाणाहून सेकंदाला २८० पाती जातात. तिथे एखादी वायर लोंबत असेल तर तिच्यावर सेकंदाला २८० टपल्या बसतात. सेकंदाला वीसेक टपल्यांच्या पुढे कान त्या सुट्या मोजू शकत नाही, त्यांचा एक सलग सूर होतो. लहानपणी सायकलच्या स्पोकमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा चिमट्याने अडकवून मोटारसायकल केली असेल तर हे आठवेल. हळू चालवली की टक्-टक्-टक्, जोरात चालवली की टर्रर्र.

म्हणून पंखा ऐकायचा तो बंद होताना. एसी बंद केला की वीज तुटते आणि पाती काही सेकंद नुसत्या गतीवर फिरत राहतात. या काही सेकंदांत पंखा सगळं सांगून टाकतो. विजेमुळे येणारी गुणगुण तत्क्षणी जाते. घासण्याचा आवाज मात्र पंख्याबरोबर मंदावतो आणि शेवटी सुट्या टकटकीत फुटतो. फेऱ्याला एकच टक आली तर एका पात्यात दोष: वाकलंय, तडकलंय किंवा काही चिकटलंय. प्रत्येक पात्याला टक आली तर पाती ठीक आहेत, बाहेरून काहीतरी त्यांच्या वाटेत आलंय. पंखा हळूहळू थांबण्याऐवजी कचकन थांबला तर बुश आवळलंय. आणि मंदावताना एका ठरावीक वेगाला सगळं बॉनेट क्षणभर थरथरून पुन्हा शांत झालं, तर तोल गेलाय. वॉशिंग मशीनचा ड्रायर थांबता थांबता एकदा नाचतो, तसंच हे. पंखा आणि त्याची चौकट मिळून एका विशिष्ट कंपनसंख्येला सहज हलतात, आणि पंख्याचा वेग उतरताना त्या आकड्यावरून जातो.

माझ्या गाडीत प्रत्येक पात्याला टक येत होती.

बॉनेट उघडून हात घालण्याआधी बॅटरीची मायनस काढा. हे मी सल्ला म्हणून लिहीत नाही, अट म्हणून लिहितोय. बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यावरही कूलंट गरम असेल तर पंखा आपसूक लागतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पंख्याच्या पात्याचं टोक २४०० फेऱ्यांना ताशी सुमारे १३५ किलोमीटर वेगाने जात असतं. ओढणी, सैल बाही, बोट, त्याला सगळं सारखंच. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते एकदम उकळून अंगावर येतं.

रविवारी सकाळी, थंड इंजिनावर, टॉर्च घेऊन बघितलं तर कारण पाच मिनिटांत दिसलं. पंख्याभोवतीच्या प्लास्टिकच्या चौकटीला गॅरेजमध्ये सगळे शेरुड म्हणतात. त्याच्या खालच्या कडेवरून वायरिंगची काळी खाचांची नळी जाते. मागच्या सर्व्हिसिंगला कोणीतरी ती सोडवली होती आणि तिची क्लिप परत लावली नव्हती. नळी बोटभर खाली लोंबत होती, पात्यांनी तिला चाटून चाटून एका बाजूला पांढरा चट्टा पाडला होता. आणखी महिनाभर गेला असता तर आतली वायर उघडी पडली असती. एक प्लास्टिकचा टाय आवळला, काम झालं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण पंखा एवढा जवळून दिसला आणि त्यावरचा चिखल बघवेना. कोकणातल्या पावसाळी रस्त्यांचा तांबडा चिखल पात्यांच्या पाठीवर वाळून बसला होता. चार बोल्ट आणि एक कपलर (वायरींचा जोड), एवढं सोडवलं की माझ्या गाडीचं सगळं शेरुड वर उचलून निघतं. उचलण्याआधी रेडिएटर आणि शेरुड यांच्यामध्ये पुठ्ठा सरकवा. रेडिएटरच्या जाळीचे पत्रे कागदासारखे पातळ असतात, शेरुडचा कोपरा नुसता टेकला तरी झोपतात, आणि जेवढे झोपतात तेवढी हवा अडते.

चिखलाला कमी लेखू नये. एका पात्याच्या टोकाकडे, मध्यापासून १५ सेंटिमीटरवर, ५ ग्रॅम चिखल चिकटला आहे असं धरा. चहाचा चमचाभरही नाही. २४०० फेऱ्यांना तो पंख्याच्या मध्याला बाहेर ओढतो ते सुमारे ४७ न्यूटन बलाने, म्हणजे जवळपास ५ किलोचं वजन टांगल्यासारखं. ही ओढ पंख्याबरोबर फिरते, सेकंदाला ४० वेळा दिशा बदलते. शेरुडच्या रबरी बुशा नव्या असतील तर त्या हा धक्का गिळतात. दहा-बारा वर्षांत रबर कडक होतं, मग धक्का चौकटीतून स्टिअरिंगपर्यंत पोचतो आणि 'घूं' ऐकू येते. शिवाय मोटरचं बुश एका बाजूने झिजत जातं ते वेगळंच.

मी नळाच्या पाण्याने आणि रंगाच्या जुन्या ब्रशने पाती लख्ख केली. एका पात्याच्या कडेला एक बारीकशी लोखंडी चिमटी अडकली होती, गंजलेली. रस्त्यावरचा कचरा समजून ती पकडीने ओढून काढली आणि भिरकावली. सगळं बसवलं, एसी लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीतून 'घूंऽऽ' आली. चिखल गेला आणि तोल बिघडला, हे कसं शक्य आहे? दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर उजेड पडला. ती चिमटी कारखान्यात लावलेली होती. साच्यातून निघालेली पाती अगदी सारख्या वजनाची कधीच नसतात. पंखा यंत्रावर फिरवून हलक्या बाजूला असं इवलंसं वजन लावतात. पुढचा अर्धा तास मी पार्किंगमध्ये मोबाईलच्या उजेडात ओणवा होऊन ती शोधत होतो. तळमजल्यावरच्या आजी खिडकीतून म्हणाल्या, "काय हरवलं रे? अंगठी का?" शेवटी ती कुंडीमागे सापडली. पात्यावर तिच्या गंजाचा डाग राहिला होता म्हणून नेमकी जागाही मिळाली.

पंख्याचा तोल बघायला पंखा हाताने फिरवून कुठलं पातं खाली थांबतं ते बघतात. मोटरवर बसलेल्या पंख्याला ही युक्ती फसवते, कारण आतले चुंबक त्याला ठरलेल्या जागीच थांबवतात. पंखा मोटरवरून काढून गुळगुळीत सळईवर टांगला तरच जड बाजू खरी कळते. काढताना मधला नट अडला तर जोर लावण्याआधी आटे उलटे नाहीत ना ते बघा.

खर्रर्र असतं तर माझा रविवार असा गेला नसता, सोमवारी गॅरेज गाठावं लागलं असतं. पातं धरून वर-खाली हलवलं आणि खटखट झाली की समजायचं, बुश गेलं. पुढे-मागे किंचित हललं तर चालतं. पुष्कळशा मोटरींमधलं हे बुश म्हणजे छोटी कमालच आहे. ब्राँझची पूड दाबून, भाजून ते बनवतात. त्यामुळे त्यात सूक्ष्म छिद्रं राहतात, जवळपास पाचवा हिस्सा नुसती पोकळी, आणि ती तेलाने भरलेली. मोटर गरम झाली की तेल पसरून दांड्याभोवती येतं, थांबून गार झाली की छिद्रं ते परत शोषून घेतात, दिव्याची वात तेल ओढते तसं. वर्षानुवर्षं हे चालतं, पण थोडं थोडं तेल धूळ पिऊन जातंच. सकाळी पहिल्यांदा 'चीं' होऊन मग आवाज बंद होत असेल तर तेल संपत आलंय. दांड्याजवळ दोन थेंब तेल सोडलं तर काही आठवडे, कधी काही महिने निघतात. बरेच जण इथे डब्ल्यूडी-४० चा फवारा मारतात. ते १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला तयार झालं, धातूवरचं पाणी हटवायला. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे तेच, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून. ते इतकं पातळ असतं की बुशात उरलंसुरलं तेलही धुऊन काढतं. चीं दोन दिवस थांबते आणि मग खर्रर्र होऊन परतते.

खरखरीकडे दुर्लक्ष का करू नये, याचं उत्तर फ्यूजमध्ये आहे. मोटर जेवढी जड फिरते तेवढा जास्त करंट ओढते. बुश आवळत गेलं की एक दिवस फ्यूज उडतो किंवा रिले वितळतो, पंखा गप्प होतो. तुम्हाला वाटतं आवाज बरा झाला. मग सिग्नलला तापमानाचा काटा लाल रेघेवर जातो, आणि जास्त तापून गेलेल्या हेड गॅस्केटचं (इंजिनाच्या डोक्याखालच्या सीलचं) बिल पंख्याच्या कितीतरी पट असतं.

एक खोटा गजरही असतो. दोन वेगांच्या पंख्यात हळू वेगासाठी एक रेझिस्टर बसवतात. तो जळला की हळू वेग नाहीसा होतो, पंखा लागला की थेट पूर्ण वेगाने. पंख्याचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो. वेग दुप्पट झाला तर १५ डेसिबलची उडी, कानाला जवळपास तिप्पट. मालक म्हणतो पंखा खराब झाला, पंखा मात्र धडधाकट असतो. पूर्ण मोटर बदलून घेण्याआधी हे विचारून बघावं.

चिमटी परत बसवल्यावर घूं गेली. शेवटची तपासणी म्हणून ग्रिलसमोर वर्तमानपत्राचं पान धरलं. ते जाळीला चिकटून बसलं, म्हणजे हवा योग्य दिशेने, आत ओढली जात होती. कपलरच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या असत्या तर पान उडून माझ्या तोंडावर आलं असतं.

मेकॅनिकला कळवायला फोन लावला. "ऐका," म्हटलं आणि मोबाईल बॉनेटजवळ धरून अॅक्सिलरेटर हलका दाबायला मुलीला सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"पंखा झकास झालाय, साहेब. पण ती बारीक चीं येतेय ना, इंजिनाबरोबर चढणारी? तो पट्टा. आधीपासून असणार, पंख्याच्या आवाजात दबला होता."