निळ्या फुलपाखराचं झुडूप: घरी नेण्याआधी एवढं वाचा

रोपावर फूल असेल तर क्षणभर जवळून बघा. चार पाकळ्या फिक्या आभाळी, खालची पाचवी गडद जांभळट निळी, आणि पुढे आलेले लांब बाकदार पुंकेसर म्हणजे फुलपाखराच्या मिशाच. कळी उमलते तेव्हा पुंकेसर पुढे असतात, स्त्रीकेसर खाली झुकलेला. मग पुंकेसर गुंडाळतात आणि स्त्रीकेसर त्यांची जागा घेतो. आम्ही रोज पाहतो, तरी थांबतोच.

‘ब्लू बटरफ्लाय बुश’ हे बाजारातलं नाव, शास्त्रीय नाव रोथेका मायरिकॉइडीस. कुठे ‘क्लेरोडेंड्रम युगांडेन्स’ अशी पाटी दिसली तर गोंधळू नका, ते याचंच जुनं नाव. पावसाळ्यात आपण जिची भाजी करतो ती भारंगीही रोथेकाच, म्हणजे ही तिची चुलत बहीण. पण भाजी भारंगीचीच करा, हिची पानं खाऊ नका.

हिचं माहेर इथिओपिया, केनिया, युगांडाकडचे डोंगर. तिथे ती जंगलाच्या कडेला, खडकाळ उतारावर वाढते. उतारावर पाणी थांबत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. हिची रोपं उन्हापेक्षा जास्त पाणी साचून दगावतात. तेव्हा पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढून ठेवा. मातीत वाळू आणि शेणखत घाला. वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी द्या. सकाळचं ऊन भरपूर हवं. एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, दुपारी सावली करा.

फूल नव्या फुटीच्या शेंड्यावर येतं. छाटणी टाळली की काड्या लांबत जातात, झुडूप विस्कटतं आणि फुलं विरळ होतात. म्हणून बहर ओसरला की एक तृतीयांश बिनधास्त उतरवा. पानं चुरगळली की उग्र वास येतो, तो झाडाचाच, रोग नव्हे. पानाखाली पांढरी माशी दिसली तर निंबोळी तेल फवारा, तेही संध्याकाळी.

नेल्या नेल्या कुंडी बदलू नका, आठवडाभर जागेवर रुळू द्या. आणि छाटलेल्या काड्या फेकू नका. वीतभर लांबीच्या, अर्धवट जून झालेल्या काड्या पावसाळ्यात ओल्या वाळूत सावलीला लावल्या की मुळं धरतात. शेजारी मागतीलच.