हिंदी महासागर द्विध्रुव आणि वनस्पतिप्लवक

हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्यात काही वर्षांच्या अंतराने पूर्वेचे पाणी नेहमीपेक्षा थंड पडते आणि पश्चिमेचे तापते. पावसाच्या बातम्यांत ‘आयओडी’ (इंडियन ओशन डायपोल, म्हणजेच हिंदी महासागर द्विध्रुव) म्हणून येणारे हवामानचक्र ते हेच. वर सांगितली ती त्याची धन अवस्था, ऋण अवस्थेत चित्र उलट असते. एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि तोशियो यामागाता यांनी 1999 मध्ये त्याला ‘द्विध्रुव’ हे नाव दिले.

एरवी विषुववृत्तावरचे पश्चिमी वारे उबदार पाणी सुमात्राकडे लोटतात. तिथे उबदार थर जाड असल्याने खालच्या पाण्यातले नायट्रेट हे पोषकद्रव्य उजेडापर्यंत पोचत नाही आणि वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे वनस्पतींसारखे सूक्ष्म जीव, विरळ राहतात. धन अवस्थेत वारे पूर्वेकडून वाहू लागतात, तो थर पातळ होतो आणि सुमात्रा-जावालगत खोलवरचे पाणी वर येते. प्लवकांना थंडावा मानवतो असा याचा अर्थ नाही. थंडावा ही पोषकद्रव्ये वर आल्याची खूण असते. हा जोर सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये सर्वाधिक असतो, मग मोसमी वारे बदलले की ओसरतो.

1997 ची घटना विशेष अभ्यासली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समुद्राचा रंग टिपणारे ‘सी-विफ्स’ हे उपकरण अवकाशात गेले, आणि एरवी नापीक दिसणाऱ्या या पाण्यात हरितद्रव्याचा, म्हणजेच प्लवकांचा, मोठा पट्टा त्याने दाखवला. पण ही समृद्धी घातकही ठरली. सुमात्राच्या पश्चिमेकडील मेंतावाई बेटांभोवती प्लवकांची इतकी बेसुमार वाढ झाली की प्रवाळ आणि मासे मोठ्या प्रमाणावर मेले. त्या वर्षी इंडोनेशियात पेटलेल्या वणव्यांच्या धुरातून समुद्रात पडलेल्या लोहाने ही वाढ आणखी भडकवली, असे संशोधकांचे मत आहे.

महासागराच्या पश्चिम भागात मात्र उबदार थर जाड होऊन प्लवक घटले. 1998 च्या सुरुवातीला ट्यूना पकडणारी मोठी जहाजे नेहमीची पश्चिमेकडची क्षेत्रे सोडून पूर्वेकडे सरकली होती.

2019 च्या तीव्र धन अवस्थेत अरबी समुद्र तापलेला होता. त्याच हंगामात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे तिथे उठली. तरीही कोकणातल्या मासळीचा अंदाज थेट या चक्रावरून बांधणे चुकीचे ठरेल. अरबी समुद्रातील प्लवकांचे गणित मुख्यतः मोसमी वाऱ्यांवर चालते; द्विध्रुव त्यात फक्त कमी-अधिक करतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था म्हणूनच मच्छीमारांना मासळीची संभाव्य ठिकाणे कळवताना उपग्रहाने टिपलेले त्या-त्या वेळचे तापमान आणि हरितद्रव्य पाहते.