दाहक आंत्रविकारातील वेदनाशमन

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे दाहक आंत्रविकाराचे, डॉक्टरी बोलीतल्या आयबीडीचे, दोन मुख्य प्रकार. पहिल्यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि व्रण पडतात. दुसऱ्यात तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गाचा कुठलाही भाग सापडू शकतो आणि सूज आतड्याच्या भिंतीत आरपार उतरते. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातील बर्रिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली या दुसऱ्या प्रकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन्ही आजार वर्षानुवर्षे सोबत राहतात, अधूनमधून उसळतात आणि दुखतात. पोटदुखीसाठी बाजारात सहज मिळणाऱ्या कित्येक गोळ्या मात्र नेमक्या याच आजारात बाधू शकतात.

वेदना एकाच जातीची नसते. शौचाची घाई लावणारा मुरडा, त्याबरोबर आव आणि रक्त असेल तर मोठ्या आतड्याचा दाह भडकलेला असण्याची शक्यता मोठी. जेवणानंतर तास-दोन तासांनी उजव्या कुशीत खाली कळ येणे, पोट फुगून गुरगुरणे आणि उलटी होणे ही क्रोन्समध्ये आतडे एखाद्या जागी अरुंद झाल्याची खूण असू शकते. गुदद्वाराजवळ ठणका आणि ताप असेल तर तिथे पू साचला आहे का, हे आधी पाहावे लागते. त्यावर गोळी हा उपाय नव्हे. काही रुग्णांमध्ये दाह शमलेला असतो, तपासण्या चांगल्या येतात, तरी पोट दुखत राहते, कारण आतड्याच्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढलेली असते. हा फरक ओळखायला मलातील कॅलप्रोटेक्टिनची, म्हणजे आतड्यातला दाह दाखवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी उपयोगी पडते. ते वाढलेले असेल तर उपचार दाहावर करायचा, आणि दाह उतरला की बहुतेक वेळा वेदनाही उतरते.

इंदूरमध्ये एम. वाय. हॉस्पिटलच्या परिसरातला दवा बाजार औषधांच्या घाऊक उलाढालीसाठी प्रसिद्ध आहे, आणि गल्लोगल्ली मेडिकल आहेत. ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हटले की बहुधा जी हातात पडते ती आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा असिक्लोफेनॅकच्या कुळातली. कॉम्बिफ्लॅममध्ये ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. पाळीच्या दिवसांसाठी पुष्कळ घरांत ठेवलेल्या मेफ्टाल स्पासमध्ये त्याच कुळातले मेफेनॅमिक आम्ल असते. पाळीच्या सुमारास आयबीडी असलेल्या अनेक स्त्रियांचे पोट अधिक बिघडते, त्यामुळे या गोळीबद्दल त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगणे फार गरजेचे आहे. ते क्वचितच सांगितले जाते.

या कुळातली औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती रोखतात. सूज आणि दुखणे वाढवणारी ही रसायने पोटातल्या अस्तराची राखणही करतात. तिथला रक्तपुरवठा आणि श्लेष्माचा थर त्यांच्यामुळे टिकतो. ती कमी झाली की आधीच सोललेले आतडे आणखी उघडे पडते. प्रत्येक रुग्णाचा आजार यामुळे उसळतोच असे नाही, आणि याबाबत अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. तरीही दुसरा पर्याय असेल तर या गोळ्या टाळाव्यात, असाच सल्ला दिला जातो. ‘जेवून घेतली तर काही होत नाही’ हा समज जठरापुरता ठीक. सोबत दिलेले पँटोप्रॅझोल हे आम्लपित्ताचे औषधही जठरच सांभाळते, खालच्या आतड्याला त्याचे संरक्षण नसते. इंजेक्शननेही धोका टळत नाही, कारण औषध रक्तातून आतड्यापर्यंत पोचतेच. गुडघ्याला चोळायच्या मलमातून त्यामानाने फार थोडे औषध रक्तात जाते. हृदयासाठी रोज घ्यायची कमी मात्रेची ॲस्पिरिन मात्र या भीतीने परस्पर बंद करू नये.

पहिली निवड पॅरासिटामॉलची. निरोगी यकृताच्या प्रौढाला २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा अधिक नको. वजन फार कमी असेल, यकृताचा विकार किंवा दारू असेल तर मर्यादा त्याहून खाली येते आणि ती डॉक्टरांनी ठरवायची. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ३.९ ग्रॅम होतात, आणि सर्दीच्या संयुक्त गोळीतही तेच औषध असते, हे लक्षात राहत नाही.

पेटके आले तर डायसायक्लोमिन किंवा हायोसिनसारखी औषधे आतड्याचे स्नायू सैल करतात. आतडे अडल्याची शंका असेल तेव्हा ती घेऊ नयेत.

अफूशी माळव्याची जुनी ओळख. मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्याने तिची शेती होते आणि नीमचला सरकारी अफू कारखाना आहे. जुलाब थांबवायला अफू देण्याची पद्धत जुनी, आणि तिच्यामागचे निरीक्षण खरे आहे: अफू आतड्याची हालचाल मंदावते. तीव्र कोलायटिसमध्ये मात्र हेच अंगाशी येते. मोठे आतडे फुगून लुळे पडू शकते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक याच मार्गाने काम करते, म्हणून २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेले हे औषध चिठ्ठीशिवाय मिळवू नये. दीर्घकाळ घेतलेल्या अफूजन्य औषधांनी पोटदुखी उलट वाढल्याचेही आढळते. जुलाब थांबवणारे लोपेरामाइडही तीव्र उसळीत स्वतःहून घेऊ नये. शिवरात्रीच्या भांगेबद्दल एवढेच सांगता येते की गांजाजन्य पदार्थांनी काहींना बरे वाटते, पण दाह बरा झाल्याचा पुरावा नाही. बरे वाटते म्हणून उपचार सोडणारा रुग्ण अडचणीत येतो.

स्टेरॉईड दाह दाबते, ते वेदनाशामक नव्हे. घेतल्यावर हुरूप येतो, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा घेण्याचा मोह होतो. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आतड्याचा क्षय क्रोन्ससारखाच दिसतो, आणि क्षय असताना एकटे स्टेरॉईड दिले तर तो बळावतो. नाव-घटक न छापलेल्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे भारतात आहेत, तेव्हा ‘जडीबुटीने लगेच आराम’ मिळाला तर शंका घ्यावी.

सांधे दुखणे हा पुष्कळदा याच आजाराचा भाग असतो. तिथे सल्फासॅलाझिन हे दाहावरचे औषध सांधे आणि आतडे दोन्हीकडे उपयोगी पडू शकते. अगदीच गरज पडली तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक देतात. दाह नसताना राहणाऱ्या वेदनेवर अत्यल्प मात्रेत अमिट्रिप्टिलिन चालते. ते नैराश्याचे औषध म्हणून ओळखले जात असल्याने घरचे बिचकतात, पण या मात्रेत ते मज्जातंतूंसाठी असते.

केवळ आहाराने आजार होत नाही, कळ मात्र वाढू शकते. आतडे अरुंद झालेल्याला इंदूरच्या सराफा खाऊगल्लीतला भुट्ट्याचा कीस किंवा शेंगदाण्यांनी भरलेली साबुदाण्याची खिचडी महागात पडते. बाकीच्यांनी सगळेच सोडून वजन घालवू नये. पोह्यांवरची तिखट शेव उसळीपुरती वगळली तरी पुरे. गरम पाण्याची पिशवी अनेकांना आराम देते. रोज तासन्‌तास एकाच जागी ठेवली तर कातडीवर जाळीदार डाग उमटतात.

घरी थांबायचे नाही अशा वेळाही आहेत. १९५५ साली ट्रूलव्ह आणि विट्स या ब्रिटिश डॉक्टरांनी दिलेला तीव्र कोलायटिसचा निकष आजही वापरात आहे: दिवसाला सहा किंवा अधिक रक्ताळ शौच, आणि सोबत ३७.८ अंश सेल्सिअसवर ताप किंवा मिनिटाला ९०वर नाडी, अथवा रक्ताच्या तपासणीत तशीच गंभीर खूण. पोट टणक होणे, फुगणे, वारा न सरणे, हिरवट उलटी यांतले काहीही दिसले की तातडीने रुग्णालय गाठावे. स्टेरॉईड चालू असलेल्या रुग्णाचे आतडे फुटले तरी पोट फारसे न दुखण्याची शक्यता असते. अशा माणसाला एकाएकी घाम फुटला, नाडी धावू लागली आणि पोट तेवढे दुखत नसले, तरी उशीर करू नये.