सुतक कधीपासून धरायचं?

जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनिका इथे ८,०००हून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. मारणाऱ्यांनी पुढे पुरावा लपवायला सामूहिक कबरी यंत्रांनी उकरल्या आणि प्रेतं दुसरीकडे नेऊन पुरली. त्यात देहांचे तुकडे झाले. एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या कबरींत सापडतात ती त्यामुळे. बेपत्तांचा शोध घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने आया-बहिणींच्या बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब घेतले, ते हाडांमधल्या डीएनएशी ताडून पाहिले. आजवर जवळपास ७,००० जणांची ओळख पटली आहे.

मग घरी निरोप येतो: मुलगा सापडला, पण हाती एकच हाड आहे. माती द्यायची, की बाकीचं सापडेपर्यंत थांबायचं?

या अवस्थेला अमेरिकेतल्या कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी १९७०च्या दशकात 'ॲम्बिग्युअस लॉस' असं नाव दिलं. आपण त्याला संदिग्ध वियोग म्हणू. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा त्यांनी अभ्यास केला होता. माणूस घरात नाही, पण मनातून गेलेलाही नाही. तेराव्याचा विधी नाही, सांत्वनाला येणारे काय बोलावं म्हणून चाचरतात, आणि दारावर थाप पडली की काळीज लककन हलतं.

आपल्याला हे परकं नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पार्वतीबाईंनी ते कधीच मानलं नाही, त्या अखेरपर्यंत सवाष्ण म्हणूनच राहिल्या. आपण त्यांना भाबड्या म्हणून पुढे जातो, हे मला अन्यायाचं वाटतं. डोळ्यांनी काही पाहिलेलं नसताना कुंकू कोणाच्या शब्दावर पुसायचं? १९७१ च्या युद्धातल्या ५४ बेपत्ता भारतीय जवानांच्या घरांतही हाच प्रश्न उरला. २००७ मध्ये त्यांचे काही नातलग पाकिस्तानातल्या तुरुंगांत शोध घेऊन आले. हाती काही लागलं नाही.

एरवीचं दुःख हेलकावे घेतं. कधी आठवणींत बुडणं, कधी मुलांची फी, पेरणी, स्वयंपाक यांकडे वळणं. शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलं की अशा येण्याजाण्यातूनच माणूस सावरतो. बेपत्ता माणसाच्या घरी हा झोका अडकतो, कारण स्वीकारायचं काय हेच ठरलेलं नसतं. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'दीर्घकालीन शोक विकार' आहे: सहा महिन्यांहून जास्त टिकणारा, रोजचं जगणं मोडून टाकणारा शोक. पण त्याची व्याख्या मृत्यूपासूनच सुरू होते. ज्या आईला मुलगा मेला की जिवंत हेच ठाऊक नाही, ती त्या चौकटीत बसत नाही.

म्हणून आधार देण्याची रीतही वेगळी लागते. बॉस यांचा आग्रह साधा आहे: दोष परिस्थितीत आहे, बाईच्या मनात नाही. "आता मान्य कर" असं तिला कोणी म्हणू नये. "तो बहुधा गेला, आणि कदाचित येईलही" ही दोन्ही वाक्यं एकत्र घेऊन जगायला तिला सोबत लागते, आणि ती सर्वांत चांगली मिळते त्याच वाटेवरच्या दुसऱ्या बायकांकडून. बोस्नियातल्या तुझ्ला शहरातलं 'विवे झेने' हे केंद्र १९९४ पासून युद्धाने होरपळलेल्या बायकांना मानसिक आधार देत आलं आहे.

घाई मात्र घातक ठरते. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं बोलून घ्यायचं, अशी पद्धत एकेकाळी सर्रास वापरली जाई. ती तपासून पाहिल्यावर फायदा दिसला नाही, काहींना उलट त्रासच झाला. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका बोलायची सक्ती करू नका असं सांगते. अन्न, निवारा, खरी माहिती द्या, आणि ऐकून घ्या. बेपत्तांच्या घरच्यांसाठी यातली माहिती सगळ्यांत मोलाची, म्हणून डीएनएची प्रयोगशाळा मला मानसोपचाराचाच भाग वाटते.

स्रेब्रेनिकाजवळच्या पोतोचारीच्या दफनभूमीत दर वर्षी ११ जुलैला नव्याने ओळख पटलेल्यांना मूठमाती देतात. आधी पुरलेल्या काही जणांच्या कबरी नंतर पुन्हा उघडाव्या लागतात, आणखी एखादं हाड सापडलेलं असतं म्हणून.