लंजिंग: हट्टी घोड्याला लांब दोरीवर शांतपणे फिरवणं

लंजिंग म्हणजे घोड्याला लांब दोरीवर धरून स्वतःभोवती गोलात फिरवायचं, आपण मधोमध आणि घोडा कडेने, पाठीवर बहुतेक वेळा कोणीच नाही, आणि हुकूम द्यायचे ते आवाजाने, आपल्या उभं राहण्याने आणि लांब चाबकाच्या टोकाने. दोरी साधारण 7 ते 10 मीटरची असते आणि गोलाचा व्यास 15 ते 20 मीटर धरतात. नवीन घोड्याला खोगीर आणि लगामाची ओळख करून देणं, आजारपणानंतर हळूहळू कामाला लावणं, नवशिक्या रायडरची बैठक पक्की करणं (त्याच्या हातात लगामच द्यायचा नाही, घोडा दुसऱ्याने सांभाळायचा) अशा बऱ्याच कामांना हे वापरतात. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये तर नवीन रायडर सुरुवातीचे कित्येक महिने रिकीब आणि लगामाशिवाय लंजवरच, म्हणजे दोरीवर फिरणाऱ्या घोड्यावरच बसतो. जनावरांचे डॉक्टरही लंगडेपणा बघायला घोडा लंजवर फिरवून घेतात, कारण सरळ चालताना लपलेली दुखापत गोलात दिसते, कधी कडक जमिनीवर तर कधी मऊ.

वारीतल्या गोल रिंगणाशी याची तुलना पुण्यात हमखास होते, पण रिंगणातला माउलींचा अश्व मोकळा धावतो, मधे दोरी धरून कोणी उभं नसतं. दिसायला गोल सारखा, काम वेगळं.

पुण्यात घोडा हा प्रकार तसा जुनाच. कॅम्पातलं रेसकोर्स 1830 चं आहे, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा पुण्याचा सीझन पावसाळ्यात असतो आणि हिवाळ्यात घोडे मुंबईला महालक्ष्मीला जातात. खडकवासल्याला एनडीएमध्ये कॅडेट घोडेस्वारी शिकतात. शहराच्या कडेने, मुळशी, वाघोली, तळेगाव अशा बाजूंना रायडिंग क्लब आणि फार्म वाढलेत. त्यामुळे इथे लंजच्या दोरीवर येणारा घोडा एका साच्यातला नसतो: रेसमधून रिटायर झालेला थरोब्रेड, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला मारवाडी किंवा काठियावाडी, वरातीतून सुटलेली घोडी, नाहीतर भीमथडी, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातला तो आखूड, काटक, धनगरांचा संसार पाठीवर वाहणारा घोडा, ज्याला आता देशी जात म्हणून सरकारी नोंद मिळालीये. प्रत्येकाला आधी काहीतरी वेगळंच शिकवलेलं असतं आणि अर्ध्याअधिक "हट्टाचं" मूळ तिथेच असतं.

उदाहरणार्थ नाचायला शिकवलेली वरातीची घोडी. तिला चाबूक दाखवला की ती पुढे जात नाही, जागच्या जागी पाय उचलायला लागते, मान वर, कान मागेपुढे, समोरचे खूर आळीपाळीने आपटतात आणि डोळ्यांचं पांढरं दिसतं. मधे उभा असलेला माणूस म्हणतो हट्टी आहे, पुढेच जात नाही, म्हणून चाबूक अजून हलवतो, आणि ती अजून जोरात नाचते, कारण तिच्या हिशोबाने ती अगदी बरोबर उत्तर देतेय. अशा घोडीसमोर पहिले बरेच दिवस चाबूक आणायचाच नाही, दोरीची मोकळी घडी हातात घेऊन तेवढ्यावर काम करायचं आणि एक पाऊल पुढे पडलं की लगेच सगळं थांबवायचं. रेसच्या थरोब्रेडचं उलटं. तोंडावर ओढ आली की तो पुढे जोर लावतो, म्हणून त्याला दोरी ओढून थांबवायला गेलं की तो पळतच सुटतो.

हट्ट आहे असं ठरवण्याआधी दुखणं तपासावं, हे पुस्तकात सगळे लिहितात आणि तबेल्यात कोणी करत नाही. दात (कडा धारदार झाल्या की गालाला लागतं, वर्षातून एकदा तरी घासून घ्यावे लागतात), पाठ, न बसणारं खोगीर, खूर, पोटातले अल्सर, यातलं काहीही घोड्याला अडवून ठेवू शकतं. एका बाजूला नीट जातो आणि दुसऱ्या बाजूला अडतो, तर आधी नालबंद आणि डॉक्टर, मग ट्रेनर. दुसरी गोष्ट चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा. दिवसभर तबेल्यात बांधलेला घोडा, त्यात हरभरा आणि ओट भरपूर, आणि मग संध्याकाळी अर्ध्या तासात त्याने शांत वागावं ही अपेक्षा, हे चालत नाही. दाणा कमी, कडबा-गवत जास्त आणि रोज थोडा वेळ मोकळं सोडणं, एवढ्यावरच काही घोड्यांचा हट्ट निम्मा होतो.

सामान फार लागत नाही, पण लागतं ते बरोबर लागतं. नाकावर कडी असलेलं लंजिंग कॅव्हेसन (डोक्यावर घालायचा पट्ट्यांचा साज) सगळ्यात चांगलं, ते नसेल तर नीट बसणारी मोहरकी (तोंडात लोखंड नसलेली साधी मुस्की). दोरी थेट लगामाच्या एका कडीत अडकवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते, पण त्यात ओढ आली की लोखंड तोंडात एका बाजूला सरकतं, जबड्याला लागतं आणि शिकाऊ घोडा त्यानेच बिथरतो. दोरी सुती बरी, नायलॉनने हात सोलून निघतो. हातमोजे घालायचेच, डोक्यावर हेल्मेट आणि पायात बंद बूट. आणि दोरी कधीही हाताला गुंडाळायची नाही. घड्या करून तळहातात धरायची, म्हणजे घोडा उधळला तर घड्या सुटत जातात आणि माणूस फरफटत जात नाही. या एका सवयीत बोटं वाचतात.

आता मुख्य काम. घोड्याच्या दृष्टीने पाहिलं तर लंजिंगचं सगळं तंत्र माणसाच्या उभं राहण्यात आहे. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळासमोर अगदी जवळचं आणि बरोबर शेपटीमागचं दिसत नाही, त्यामुळे माणूस कुठल्या बाजूला सरकला, खांदे कुठे वळवले हे त्याला आपल्यापेक्षा आधी कळतं. माणूस घोड्याच्या खांद्याच्या थोडं मागे, पोटाच्या रेषेत असेल तर तो घोड्याला पुढे ढकलतो, आणि खांद्याच्या पुढे सरकला तर तो ब्रेक लावतो. एका हातातली दोरी घोड्याच्या तोंडाकडे, दुसऱ्या हातातला चाबूक मागच्या पायांकडे, आणि आपण टोकाला, असा त्रिकोण झाला पाहिजे. चाबूक मारायचा नसतो. मागच्या सांध्याकडे टोक गेलं की पुढे चल, खांद्याकडे गेलं की बाहेर सरक, जमिनीकडे गेलं की बरोबर आहे, असाच रहा. दोरी पतंगाच्या मांज्यासारखी धरायची, ढील इतकी नाही की जमिनीला टेकून पायात अडकेल, ताण इतका नाही की घोडा तिच्यावर रेलून चालेल.

हट्टी घोड्याला पहिल्याच दिवशी आठ मीटर दोरी सोडून गोलात पाठवणं ही घाई आहे. आधी बागडोरीवर (हातात धरून चालवायच्या आखूड दोरीवर) जवळून चालवून चार गोष्टी पक्क्या करायच्या: चल, थांब, मागे सरक, आणि मागचे पाय बाजूला टाक. हे रोज दहा-पंधरा मिनिटं, मग दोरी दोन-तीन मीटर, तेवढ्यात चालत गोल, मग जराजरा लांब. बरेचदा मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा माणूस) घोड्याच्या बाहेरच्या बाजूने सोबत चालतो आणि मधला माणूस हुकूम देतो, दोन-तीन दिवसांत मोतद्दार मागे सरकत जातो आणि घोड्याला कळतं की हुकूम मधून येतोय. शब्द थोडे आणि तेच ते ठेवायचे. "चल" म्हटलं की चल, थांबायला लांब "होऽऽ", दुडकीला (चालण्यापेक्षा वेगवान, उड्या मारत जाणारी चाल) जिभेची टकटक. पुण्यात मोतद्दार हिंदीत बोलतो, ट्रेनर इंग्लिशमध्ये, मालक मराठीत, आणि घोड्याला एका कामाचे तीन शब्द ऐकू येतात, मग तो गोंधळला की त्याला म्हणायचं अडेलतट्टू.

खरा धडा दाब कधी सोडायचा याचा आहे. सांगायला सोपं, करायला कठीण. घोडा शिकतो ते चाबूक उचलल्याने नाही, खाली गेल्याने. त्याने एक पाऊल बाहेर टाकलं, किंवा आपल्याकडचा कान इकडे फिरवला, की त्याच क्षणी चाबकाचं टोक खाली, आपले खांदे सैल, नजर जरा बाजूला. पुढच्या दोन सेकंदांतही सोडलं तर उशीर झाला, तोवर त्याने अजून काहीतरी केलेलं असतं आणि बक्षीस त्याचंच मिळालं असं तो समजतो. मान खाली येणं, फुरफुरणं, पाठ झुलायला लागणं, कान मधल्या माणसाकडे, ही घोडा सैल होत असल्याची लक्षणं. ओठ चाटणं आणि चघळणं यालाही लोक "मानलं" असं म्हणतात, पण ताण उतरतानाही घोडा तसं करतो, त्यामुळे त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये.

सगळ्यात धोकादायक हट्ट म्हणजे खांदा लावून आत घुसणं. घोडा गोल लहान करत करत माणसावर येतो, माणूस नकळत मागे सरकतो, आणि चारशे-पाचशे किलोच्या जनावराला कळतं की याला हलवता येतं. लोक ज्याला रिस्पेक्ट म्हणतात तो प्रत्यक्षात एवढाच असतो की घोडा न बोलावता माणसाच्या जागेत येत नाही आणि माणसाच्या जागेबाबत रोज तोच नियम असतो. मारून तो येत नाही, घाबरलेला घोडा लांब राहतो पण शांत राहत नाही. घुसायला लागला की आपण मागे जायचं नाही, दोन पावलं त्याच्या खांद्याच्या दिशेने चालायचं, चाबकाचं टोक खांद्याकडे, तो बाहेर सरकला की लगेच थांबायचं. आणि ही शिस्त फक्त लंजवर चालत नाही. तबेल्यात चंदी देताना तो अंगावर येतो आणि आपण हसून त्याला कपाळ घासू देतो, तर मैदानात तो तेच करणार.

थांबून माणसाकडे तोंड करून उभा राहणारा घोडा तितका धोक्याचा नाही पण डोकं जास्त खातो. यात बहुतेक वेळा माणूसच पुढे सरकलेला असतो. मागे, पोटाच्या रेषेत जायचं, मग परत चल. पळत सुटणाऱ्याला ओढाताण करून उपयोग नाही, दर फेरीत एकाच ठिकाणी थोडी ओढ आणि लगेच ढील, आवाज खाली, आपले श्वास हळू, आणि जागा असेल तर त्याच्यासमोर कुंपण येईल असं सरकायचं.

एका बाजूला चांगला आणि दुसऱ्या बाजूला वाईट ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घोड्याची. कारण साधं आहे, घोड्याला लहानपणापासून डाव्या बाजूने धरलं जातं, डावीकडूनच चढतात, उतरतात, खरारा मारायलाही माणूस आधी डावीकडूनच येतो. एका डोळ्याने शिकलेलं दुसऱ्या डोळ्याला कळत नाही असं तबेल्यात सांगतात. ते खरं नाही, प्रयोगांत घोडे एका डोळ्याने शिकलेलं दुसऱ्याने ओळखतात. फरक असतो तो अंगाच्या वळणाचा आणि सवयीचा. उजव्या बाजूचं काम कमी वेळ पण जास्त वेळा करावं, आणि शेवट सोप्या बाजूला करावा.

जागा आणि वेळ इथे पुण्याचं हवामान ठरवतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत उरकायचं. पावसाळ्यात काळ्या मातीचं मैदान असेल तर लंजिंग बंदच, गोलात वळताना पाय घसरला की स्नायू किंवा सांधा गेला, वाळूचं मैदान पाणी निघून जात असेल तरच वापरायचं. जुलैपासून ढोल-ताशा पथकांच्या प्रॅक्टिस सुरू होतात आणि दुरून येणारा तो दणका नवीन घोड्याला बुजवतो, तर वरातीतल्या घोडीला उलट नाचायची आठवण करून देतो. त्या वेळेला काम ठेवलंच तर फक्त चालत, आणि अपेक्षा कमी.

एकूण 15 ते 20 मिनिटं पुरतात, दोन्ही बाजू धरून. "जरा मस्ती काढून टाकू" म्हणून चाळीस-चाळीस मिनिटं दुडकी पळवतात, त्याने घोडा शांत होत नाही, फिट होतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याला दमवायला तासभर लागतो. वर लहान गोलात आतल्या पायांच्या सांध्यांवर ताण येतो तो वेगळाच. संपवताना घोड्याला गोलावरच थांबवायचं, आपण दोरी गोळा करत त्याच्याकडे चालत जायचं, त्याला आत बोलवायचं नाही, नाहीतर तो दर वेळी थकला की आत वळायला शिकतो. वाढत्या शिंगराला दोरीवर गोल फिरवायचं नाही, हाडं आणि सांधे तयार व्हायच्या आधी त्याला फक्त बागडोरीवर सरळ चालायला आणि थांबायला शिकवतात.