आकडा पुरेसा, तरी रक्त थांबत नाही

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की मुंबईत घरोघरी एकच चौकशी सुरू होते: प्लेटलेट किती? एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते चार लाख रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, असतात आणि ही संख्या फार घसरली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे खरेच. मात्र झालेली गुठळी टिकणार की नाही, हे केवळ संख्येवरून ठरत नाही. ते बिंबिकांच्या पृष्ठभागावरील प्रथिनांवरही अवलंबून असते आणि रक्ततपासणीचा नेहमीचा अहवाल त्यांच्याविषयी काहीच सांगत नाही.

रक्तवाहिनीचे अस्तर फाटले की खालचे कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन उघडे पडते आणि रक्तातील वॉन विलेब्रँड घटक हे चिकट प्रथिन त्याला चिकटतो. धमनीतल्या वेगवान प्रवाहात दोन-तीन मायक्रोमीटरच्या बिंबिकेला तेथे थांबणे सोपे नसते. तिच्यावरील ग्लायकोप्रोटीन १बी हे प्रथिन या घटकाला क्षणभर धरते, सोडते, पुन्हा धरते, आणि तिचा वेग मंदावतो. मग ग्लायकोप्रोटीन ६ कोलॅजेनशी जोडले जाते व बिंबिका सक्रिय होते.

गुठळीच्या टिकाऊपणाचा खरा भार ग्लायकोप्रोटीन २बी-३ए या प्रथिनावर असतो. एका बिंबिकेवर त्याचे सुमारे ८०,००० रेणू असतात. एरवी ते मिटलेले असतात, आणि ते तसे असतात म्हणूनच रक्त वाहते राहते. बिंबिका सक्रिय झाली की ते उघडतात आणि रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाला धरतात. फायब्रिनोजेनच्या रेणूची दोन्ही टोके सारखी असल्याने शेजारच्या दोन बिंबिका त्याच्यामुळे एकमेकींशी बांधल्या जातात. एवढ्यानेही गुठळी पक्की होत नाही. २बी-३ए हे आतल्या बाजूने पेशीच्या आकुंचन पावणाऱ्या तंतूंशी जोडलेले असते, त्यामुळे बिंबिका बाहेरचे फायब्रिनचे (फायब्रिनोजेनपासून बनणाऱ्या तंतूंचे) जाळे ओढून घट्ट करतात. काचेच्या नळीत रक्त ३७ अंश सेल्सिअसला एक-दोन तास ठेवले, तर हे डोळ्यांनी दिसते: गुठळी काचेपासून सुटून आक्रसते आणि तिच्याभोवती पिवळसर द्रव साचतो.

काही रुग्णांमध्ये बिंबिकांची संख्या पुरेशी असूनही गुठळी अशी आक्रसत नाही, हे स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमन यांनी १९१८ मध्ये नोंदवले. या विकारात २बी-३ए नसते किंवा सदोष असते, हे पुढे कळले. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच हा विकार होतो; त्यामुळे नात्यात लग्ने होणाऱ्या समाजांत तो अधिक आढळतो. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा आनुवंशिक रक्तस्राव-विकारांवर संशोधन चालते.

हृदयविकारात उलट हेतूने याच यंत्रणेला आवर घातला जातो. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल बिंबिकांना सक्रिय करणारे संदेश रोखतात, तर टायरोफिबान थेट २बी-३ए अडवते. (अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याचा काउंट सहसा उत्तमच असतो, ही गोष्ट आकड्यावर विसंबणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.)

ग्लान्झमन विकारात बाहेरून प्लेटलेट देता येतात, परंतु ज्या शरीरात हे प्रथिन मुळातच नाही, त्याला ते परके वाटू शकते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली की पुढच्या वेळी दिलेल्या बिंबिका निष्प्रभ ठरतात. अशा रुग्णांसाठी प्रयोगशाळेत तयार केलेला सक्रिय घटक ७, म्हणजे रक्त गोठवणारे एक प्रथिन, वापरला जातो. तो थ्रॉम्बिनची (फायब्रिनोजेनचे फायब्रिन करणाऱ्या विकराची) निर्मिती वाढवून गुठळी होण्यास मदत करतो.