प्रादेशिक पीक उत्पादकता कशी मोजतात

एखाद्या भागातल्या शेतीतून किती पीक निघतं आणि त्यासाठी जमीन, पाणी, मजूर, खत वगैरे किती लागतं याचं प्रमाण म्हणजे त्या भागाची पीक उत्पादकता. उत्पादन आणि उत्पादकता यात नेहमी गल्लत होते, क्षेत्र मोठं असलं की धान्याचे ढीग लागतात पण हेक्टरी उतारा बघितला तर शेजारचा छोटा भाग पुढे निघतो. आणि भागायचं कशाने यावर सगळं बदलतं. जमिनीने भागलं तर दाट वस्तीची, घरची माणसं राबणारी शेती वर येते, मजुरांच्या संख्येने भागलं की मोठ्या यंत्रांवर चालणारी शेती वर जाते, त्यामुळे 'कुठला भाग भारी' हा प्रश्न नुसता विचारून उपयोग नाही.

एकाच पिकाची तुलना सोपी. पण गहू, कापूस आणि बटाटा एकत्र कसे मोजायचे? एम. जी. केंडॉल यांनी 1939 मध्ये इंग्लंडच्या काउंट्यांसाठी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांसाठी, साधी युक्ती वापरली, प्रत्येक पिकाच्या उताऱ्यानुसार भागांना नंबर द्यायचे आणि त्या नंबरांची सरासरी काढायची, सरासरी जितकी कमी तितकी उत्पादकता जास्त. गोची अशी की नावापुरत्या पेरलेल्या पिकालाही मुख्य पिकाइतकंच वजन मिळतं. सप्रे आणि देशपांडे यांनी 1964 मध्ये क्षेत्राप्रमाणे वजन देऊन हे दुरुस्त केलं. समजा तीन पिकांत एका भागाचे नंबर 2, 5 आणि 8 आहेत, साधी सरासरी 5 येते, पण पहिलं पीक 80 टक्के जमिनीवर, दुसरं 15 आणि तिसरं 5 टक्क्यांवर असेल तर आकडा थेट 2.75 वर येतो. तरी एक खोट राहतेच, पहिल्या आणि दुसऱ्या नंबरमध्ये अर्ध्या क्विंटलचा फरक आहे की दहा क्विंटलचा हे नंबरवरून कळत नाही. एस. एस. भाटिया यांची 1967 ची पद्धत म्हणून मला जास्त पटते, त्यात भागाचा उतारा पूर्ण प्रदेशाच्या उताऱ्याच्या किती टक्के हे धरून मग क्षेत्राचं वजन लावतात. डडली स्टॅम्प यांनी तर सगळी पिकं कॅलरीत बदलली, माणशी वर्षाला 10 लाख किलोकॅलरी हे त्यांचं एकक. खाण्याच्या पिकांना ते ठीक, कापसाचं काय करणार?

पण हे सगळं गणित मुळात उताऱ्याचा आकडा खरा असेल तरच. तो येतो पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं शेत निवडायचं, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, वजन करायचं आणि ओल वजा करायची. तुकडा किती मोठा घ्यायचा यावर संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि पां. वा. सुखात्मे यांच्यात 1940 च्या दशकात चांगलीच जुंपली होती. तुकडा लहान असेल तर कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उतारा फुगतो हा सुखात्मेंचा मुद्दा, आणि तो टिकला.

उतारा कमीजास्त का होतो याची यादी लांब आहे, पण बऱ्याच ठिकाणी पहिला नंबर पाण्याचा, आणि पाऊस एकूण किती यापेक्षा फुलोऱ्यात आणि दाणे भरताना पडला का हे महत्त्वाचं. मग मातीची खोली, निचरा, क्षार, तापमान, बियाणं, रोगकीड. एकोणिसाव्या शतकात श्प्रेंगेल आणि लीबिग या जर्मन शास्त्रज्ञांनी मांडलं होतं की ज्या अन्नद्रव्याची सगळ्यात जास्त टंचाई आहे तेच उतारा अडवून धरतं, बाकीची कितीही ओता. म्हणूनच खताचा खप वाढला तरी उतारा जागचा हलत नाही असं होतं. कर्ज, रस्ते, बाजारभाव आणि जमीन कसणाऱ्याच्या हक्काची आहे का हेही आलंच, उद्या काढून घेतील अशा जमिनीत विहीर कोण खोदणार.

आता सॅटेलाइटवरून पिकाचा हिरवेपणा बघून अंदाज काढतात, मोठ्या भागासाठी हे झटपट होतं, पण हिरवं दिसतं ते पान, दाणा नाही, त्यामुळे तो अंदाज जुळवून घ्यायला शेतात जाऊन तुकडा कापावाच लागतो.